शरदातील नाशिक : पारावरची पहाट आणि दारातील ग्रंथपेटी

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली सुरू झाले. नाशिकची नगरपालिका त्यानंतर २४ वर्षांनी, म्हणजे १८६४ मध्ये स्थापन झाली आणि नाशिक हा स्वतंत्र जिल्हा तर १८६९ पर्यंत नव्हताच. त्याआधी या भागाचा कारभार बराच काळ अहमदनगरहून चालत असे. म्हणजे या गावात वाचनालय आधी आले, मग पालिका आली, मग जिल्हा आला. असा क्रम फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला असेल. १९८२ मध्ये महापालिका झाली, आजूबाजूची गावे तीत सामील झाली. गोदाकाठच्या जुन्या गावठाणातून शहर सिडको, इंदिरानगर, सातपूर, गंगापूर रोड आणि नाशिकरोडकडे पसरले. वाचनालय मात्र जुन्या गावाजवळ, टिळकपथावरच राहिले. शहर आणि ग्रंथ यांच्यात जे अंतर पडले, ते भरून काढण्याचे प्रयत्न येथे वर्षभर होतात. परंतु त्यांना खरी धार येते ती शरदात.

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचे ऊन दुपारी भाजते आणि संध्याकाळी मोकळ्या पटांगणात बसावे असा गारवा येतो. शहराच्या हद्दीत असूनही शेती टिकवून असलेल्या मखमलाबाद, आडगाव यांसारख्या भागांत याच सुमारास द्राक्षबागांची गोडी छाटणी सुरू असते, त्यामुळे तेथील माणसे दिवसा सापडत नाहीत. नाशिकचे बौद्धिक वैभव म्हणून जिचा उल्लेख नेहमी होतो, ती गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमाला शंभर वर्षांहून जुनी आहे. पण ती मे महिन्यात भरते, संपूर्ण शहराची असते आणि श्रोते घाटावर चालून येतात. शरदातील कार्यक्रम याच्या नेमके उलट वागतात. ते गल्लीत, चौकात, वसाहतीच्या मैदानावर होतात. तेथे कला श्रोत्यांकडे येते.

मंडप, मेळे आणि ढोल

या मोसमाची नांदी भाद्रपदातच होते. वाकडी बारवेपासून निघणारी विसर्जनाची मिरवणूक संपली की मंडप उतरतात, परंतु मंडपाभोवती जमलेली माणसे उतरत नाहीत. वर्गणी कोणी जमवायची, वीज कोणाकडून घ्यायची, परवान्याचा अर्ज कोणी लिहायचा हे सारे त्या दहा दिवसांत ठरून गेलेले असते, आणि तीच मंडळी पुढे नवरात्र, कोजागरी व दिवाळी पहाट उभी करतात. मोहल्ल्याच्या सांस्कृतिक जीवनाचे हे बिनपगारी कार्यालयच म्हणावे लागेल.

नाशिकच्या बाबतीत या मंडपाला इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सावरकर बंधू व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या मित्रमेळ्याने गणेशोत्सव आणि शिवजयंती या दोन उत्सवांचा उपयोग राजकीय जागृतीसाठी केला. या मेळ्याची पदे रचणारे गोविंद त्र्यंबक दरेकर पुढे स्वातंत्र्यशाहीर कवी गोविंद म्हणून ओळखले गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, त्या विजयानंद नाट्यगृहात. आणि प्रसंग होता ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाचा. त्या काळच्या नाशिकमध्ये पद आणि नाटक ही करमणुकीपुरती गोष्ट नव्हती, याची साक्ष यापेक्षा वेगळी देण्याची गरज नाही.

मेळे कालांतराने मागे पडले. त्यांची जागा ढोलपथकांनी घेतली. ‘नाशिक ढोल’ हे नाव आज महाराष्ट्राबाहेरच्या मिरवणुकांतही ऐकू येते. पथकाचा सराव पावसाळ्यातच सुरू होतो आणि त्यात महाविद्यालयीन मुलामुलींचा भरणा मोठा असतो. मेळ्यात शब्दाला मान होता, पथकात तालाला आहे. ही तक्रार नव्हे. पण ज्या तरुणांनी दोन महिने रोज संध्याकाळी एकत्र येण्याची शिस्त अंगी बाणवली, त्यांच्याशी ग्रंथालयांनी संवाद ठेवल्याची उदाहरणे फारशी दिसत नाहीत, हे नोंदवायला हवे.

मुद्रणालयाच्या वसाहतीतील रामलीला

नवरात्रात शहराची गर्दी जुन्या आग्रा रोडवरील कालिका देवीच्या यात्रेकडे वळते. पाळणे, खेळणी, खाद्यपदार्थ आणि दर्शनाच्या रांगा असे तिचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच दिवसांत गांधीनगर येथे जे घडते ते मात्र शहराच्या इतर भागांतील अनेकांना ऐकूनच ठाऊक असते.

गांधीनगर ही केंद्र सरकारच्या मुद्रणालयाची वसाहत. या मुद्रणालयात उत्तर भारतातून बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांनी आपल्याबरोबर रामलीला आणली आणि ती येथे अनेक दशके टिकली. यातील पात्रे व्यावसायिक नटांची नसतात. वसाहतीत व परिसरात राहणारे, दिवसभर आपापली नोकरी करणारे लोक संध्याकाळी तालमी करतात आणि नवरात्रात रंगमंचावर उभे राहतात. संवाद हिंदीत, प्रेक्षकांत मराठी घरांचा मोठा वाटा, आणि शेवटी दसऱ्याला रावणदहन, असा हा प्रकार आहे. मराठी मुलुखातील एका शहराने बाहेरून आलेली लोकनाट्यपरंपरा स्वीकारली ती कोणत्याही अनुदानयोजनेमुळे नव्हे. ती वसाहतीतील माणसांच्या हातात राहिली म्हणून.

मुद्रणालयाच्या आवारात रामायणाचे प्रयोग व्हावेत यात एक गंमत आहेच. दिवसा छापील कागदाचे गठ्ठे मोजणारे हात संध्याकाळी धनुष्य उचलतात. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की येथे भूमिका एका पिढीकडून दुसरीकडे जातात. लहानपणी वानरसेनेत असलेला मुलगा पुढे मोठे पात्र करतो. नाट्यशिबिराच्या आठ दिवसांत जे शिकवता येत नाही ते येथे शेजारधर्माने शिकले जाते.

कोजागरी आणि दहाचा ठोका

आश्विन पौर्णिमेला गच्चीवर, सोसायटीच्या आवारात किंवा मंदिराच्या प्रांगणात दूध आटवले जाते आणि त्याभोवती गाण्याची, कवितावाचनाची बैठक जमते. निमंत्रितांचा मान, सूत्रसंचालन, पुष्पगुच्छ यांपैकी काही नसले तरी चालते. एक संवादिनी आणि तबला मिळाला तरी रात्र निघते.

अडचण येते ती ध्वनिक्षेपकाची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी वर्षातील ठरावीक, जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. ते दिवस आधी जाहीर होतात आणि आयोजकांनी ती यादी पाहूनच वेळ ठरवावी हे श्रेयस्कर. चंद्र डोक्यावर येतो मध्यरात्री आणि ध्वनिक्षेपक बंद होतो दहाला. गेल्या काही वर्षांत त्यामुळे अनेक ठिकाणी कार्यक्रमाचे दोन भाग पडले आहेत : दहापर्यंत वाद्यवृंद, आणि नंतर ध्वनिक्षेपकाविना वाचन किंवा गायन. दुसऱ्या भागाला माणसे कमी असतात, पण ऐकणारी असतात. कवितेला हा नियम अपायकारक ठरला असे म्हणवत नाही.

पिंपळपार

दिवाळी पाडव्याच्या पहाटे, अंधार असतानाच, जुन्या नाशकातील नेहरू चौकाकडे माणसे चालू लागतात. या चौकातील पिंपळाच्या पारावर ‘संस्कृती नाशिक’ या संस्थेची पाडवा पहाट होते. शास्त्रीय गायनातील नामवंत येथे येऊन गेले आहेत. सभागृहात तिकीट काढून ज्यांना ऐकावे लागते, त्यांना येथे रस्त्यावर अंथरलेल्या सतरंजीवर बसून ऐकता येते. घरांच्या गॅलऱ्या, ओटे, जिने ही सारी प्रेक्षागृहे होतात. अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे घालून आलेले लोक तीन पिढ्यांसह बसलेले असतात. आणि सूर्य वर येईपर्यंत भैरव-तोडीचे राज्य चालते.

दिवाळी पहाट हा प्रकार आता महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत रूढ आहे. नाट्यगृहांत होणाऱ्या पहाटांना प्रायोजक असतात, आसनक्रमांक असतात. पिंपळपाराचे वेगळेपण स्थळात आहे. पार हा गावातील वादविवादाचा, बातमीचा, निवाड्याचा चौथरा. त्यावर गाणे बसवले की ते आपोआप सार्वजनिक होते. जुन्या नाशिकच्या वाड्यांची पडझड होत असताना, मूळ रहिवासी उपनगरांत गेले असताना, त्या रहिवाशांना वर्षातून एकदा पहाटे पाचला आपल्या गल्लीत परत आणण्याचे काम हा कार्यक्रम करतो. सिडकोतून किंवा इंदिरानगरातून दुचाकीवर मुलांना घेऊन आलेला माणूस वाटेत आपला जुना वाडा कोठे होता ते दाखवतो, हे दृश्य येथे नवे नाही.

मैफल मात्र दोन-तीन तासांत संपते. सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्या श्रोत्याचा संस्थेशी संबंध येत नाही. कोणत्याही कार्यक्रमाची ही मर्यादा असते. ग्रंथालयाचे काम येथून सुरू होते, कारण त्याला वाचक पुनःपुन्हा यावा लागतो.

१८४० चे वाचनालय

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातील जिल्ह्याच्या व मोठ्या गावी ‘नेटिव्ह लायब्ररी’ निघू लागल्या. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, १८३८ चे. नाशिकचे १८४० चे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. प्रारंभी इंग्रज अधिकारी, नवशिक्षित कारकून आणि शिक्षक हाच त्यांचा वाचकवर्ग असे. नाशिकच्या वाचनालयाचे जुने दिवस पेशवेकालीन सरकारवाड्याशी निगडित आहेत. पुढे संस्था टिळकपथावरील आजच्या जागेत आली. ग्रंथविभागाबरोबरच तेथे वस्तुसंग्रहालय, मु. शं. औरंगाबादकर सभागृह आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे. ‘सावाना’ या संक्षिप्त नावाने ती नाशिककरांच्या तोंडी आहे, आणि तिच्या पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीची चर्चा एखाद्या प्रभागाच्या निवडणुकीइतक्याच चवीने होते. ग्रंथालयाच्या निवडणुकीत लोकांना रस असावा, ही तशी चांगलीच खूण.

शरद संपता संपता साईखेडकर नाट्यगृहात आणखी एक हालचाल सुरू होते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सामान्यतः नोव्हेंबरात सुरू होते आणि नाशिक हे तिचे एक जुने केंद्र आहे. हौशी संघ, त्यांचे मित्र, नातलग, प्रतिस्पर्धी संघातील नट असा प्रेक्षकवर्ग रोज संध्याकाळी नवे नाटक पाहतो. वसंत कानेटकर येथे प्राध्यापक होते, वि. वा. शिरवाडकर येथेच राहिले. तेव्हा या गावात नाटकाला प्रेक्षक मिळणे हे नवल नाही. त्यातील किती प्रेक्षक प्रयोगाच्या आधी वा नंतर त्याच आवारातील ग्रंथविभागात डोकावतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. नाट्यसंहितांचे कपाट स्पर्धेच्या दिवसांत नाट्यगृहाच्या दारात आणून ठेवायला विशेष खर्च येत नाही.

ग्रंथालयांच्या अर्थकारणाविषयी येथे थोडे सांगणे भाग आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. तामिळनाडू, कर्नाटक यांसारख्या राज्यांच्या कायद्यांत ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकराची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात ती नाही. येथे नोंदणीकृत संस्थांनी ग्रंथालये चालवावीत आणि शासनाने अ, ब, क, ड या वर्गवारीनुसार त्यांना अनुदान द्यावे, अशी रचना आहे. तिचा लाभ असा की ग्रंथालय हे लोकांचे राहते, सरकारी कचेरी होत नाही. तोटा असा की ते लोकांच्या उत्साहावर अवलंबून राहते. ‘ड’ वर्गातील ग्रंथालयात अर्धवेळ ग्रंथपाल हाच सारा सेवकवर्ग. तोच पुस्तके देतो, नोंदी ठेवतो, झाडूही मारतो. आणि ग्रंथालय सप्ताहात व्याख्याता आणायचा तर रिक्षाही तोच ठरवतो. अशा ग्रंथालयाने मोहल्ल्यात कार्यक्रम करावेत ही अपेक्षा योग्य आहे, पण ते कोणाच्या बळावर करावेत याचे उत्तर नियमपुस्तिकेत मिळत नाही.

दिवाळी अंकांचा फेरा

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक वार्षिक प्रघात सुरू झाला. दिवाळीला शंभरावर अंक बाजारात येतात. एका मध्यमवर्गीय घराला त्यांतील दोन-चार विकत घेणे परवडते. उरलेले वाचायचे तर वाचनालयाची दिवाळी अंक योजना, हा नाशिकमध्येच नव्हे तर सबंध महाराष्ट्रात चालत आलेला मार्ग आहे.

योजनेची रीत साधी आहे. वर्षाच्या वर्गणीहून वेगळी अशी छोटी रक्कम भरून सभासद व्हायचे, पाडव्यानंतर अंक यायला लागले की एकेक घरी न्यायचा, ठरलेल्या दिवसांत परत करायचा. होळीपर्यंत, काही ठिकाणी गुढीपाडव्यापर्यंत, हा फेरा चालतो. अनेक छोट्या वाचनालयांत वर्षभर पुस्तकाला हात न लावणारा सभासद या चार महिन्यांत नियमाने येतो. अंकाच्या मुखपृष्ठाला खाकी वेष्टण चढते, कडा दुमडतात, शब्दकोडे कोणीतरी पेन्सिलीने सोडवलेले असते, आणि राशिभविष्याचे पान सर्वांत आधी सुटते.

या योजनेत ग्रंथपालाचे खरे कसब दिसते. कोणत्या घरात आजोबांना वैचारिक अंक हवा, कोठे विनोदी, कोठे पाककृतींचा, हे त्याला तोंडपाठ असते. अंक परत आणायला येणारी व्यक्ती बहुधा घरातील गृहिणी किंवा शाळकरी मूल असते. तिच्या हाती अंकाबरोबर एखादे पुस्तक देणे, ही वाचक मिळवण्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी युक्ती आहे. तीसाठी फलक लागत नाही, उद्घाटक लागत नाही.

‘ग्रंथ तुमच्या दारी’

अंतराचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. पाथर्डी फाट्यावर राहणाऱ्या वृद्धेने टिळकपथावर यायचे कसे? सातपूरच्या कारखान्यात पाळीत काम करणाऱ्याची आणि वाचनालयाच्या वेळेची गाठ पडायची कधी? कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने २००९ मध्ये याचे जे उत्तर काढले, ते नाशिकने मराठी वाचनव्यवहाराला दिलेली मोठी देणगी आहे. विनायक रानडे यांच्या कल्पनेतून तो उभा राहिला.

शंभर पुस्तकांची एक पेटी. ती एखाद्या वसाहतीतील एका घरी ठेवली जाते. आसपासचे सुमारे ३५ वाचक त्या घरी येऊन पुस्तक नेतात, आणून देतात. वाचकाला शुल्क नाही. पुस्तकांचा खर्च देणगीतून भागतो. वाढदिवस, स्मृतिदिन, लग्नाचा वाढदिवस अशा निमित्ताने लोक पेटीसाठी रक्कम देतात. चार महिन्यांनी पेटी दुसऱ्या वसाहतीत जाते आणि तिकडची इकडे येते. प्रत्येक पेटीतील पुस्तके निराळी, त्यामुळे इमारत न बांधता, कपाट न घेता, एका वसाहतीला वर्षाला तीनशे पुस्तके पाहायला मिळतात. नाशिकपासून सुरू झालेल्या या पेट्या राज्यात सर्वदूर, कारागृहांत आणि रुग्णालयांत गेल्या. पुढे दुबईसह परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचल्या.

फिरत्या ग्रंथालयाची कल्पना जगात नवी नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठवली जात. नाशिकच्या उपक्रमाचे वैशिष्ट्य पेटीत नसून ती सांभाळणाऱ्या घरात आहे. ज्या घरी पेटी असते ते घर चार महिने वसाहतीचे ग्रंथालय होते. पुस्तक मागायला आलेली शेजारीण चहा घेते, वाचलेल्या कादंबरीविषयी बोलते, क्वचित भांडतेही. पुस्तक हरवले तर विचारणारा कर्मचारी नसून शेजारीच असतो, आणि शेजाऱ्याचे पुस्तक बुडवणे हे वाचनालयाचे पुस्तक बुडवण्यापेक्षा जड जाते. औपचारिक दंडापेक्षा ही लाज अधिक परिणामकारक ठरली असावी.

याही व्यवस्थेला मर्यादा आहेत. समन्वयक बदलीवर गेला, आजारी पडला किंवा कंटाळला की पेटी कोपऱ्यात पडून राहू शकते. संशोधकाला, स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला शंभर पुस्तकांच्या पेटीचा उपयोग नाही. त्याला अभ्यासिका, संदर्भग्रंथ आणि शांतता लागते. पेटी ग्रंथालयाला पर्याय नव्हे. ती ग्रंथालयाच्या दारापर्यंतची वाट आहे, आणि ज्या वसाहतीजवळ दारच नाही तेथे तिचाच आधार आहे.

पुस्तक माणसाच्या वाटेवर ठेवण्याची हीच दृष्टी शहराबाहेरही दिसते. मुंबई-आग्रा महामार्गावर ओझरकडे जाताना दहाव्या मैलाजवळील एका उपाहारगृहात पुस्तके ठेवलेली आहेत आणि मिसळ येईपर्यंत प्रवासी ती चाळत बसतात. एका आजींनी चालवलेले हे ‘पुस्तकांचे हॉटेल’ म्हणूनच प्रसिद्ध पावले.

तिथी आणि तारीख

शरदातील कार्यक्रम आखणाऱ्यांपुढे दरवर्षी एक व्यावहारिक पेच असतो. कलेचे उत्सव तिथीने चालतात, ग्रंथांचे दिवस तारखेने. कोजागरी, पाडवा, त्रिपुरी पौर्णिमा मागेपुढे सरकतात. याउलट डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस १५ ऑक्टोबर हा २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो; राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह १४ ते २० नोव्हेंबर असा ठरलेला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यानंतर ३ ऑक्टोबर हा अभिजात मराठी भाषा दिवस म्हणून त्यात नव्याने दाखल झाला आणि ३ ते ९ ऑक्टोबर असा सप्ताह त्याला जोडला गेला.

याचा परिणाम असा होतो की २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे दिवाळी उशिरा आली आणि पाडवा नेमका १४ नोव्हेंबरला, म्हणजे ग्रंथालय सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी पडला. ज्या दिवशी ग्रंथालयाने वाचकांना बोलवायचे त्याच दिवशी वाचक ओवाळणीत गुंतलेला. २०२५ मध्ये पाडवा २२ ऑक्टोबरला आला. सप्ताहाला तीन आठवड्यांहून अधिक अवकाश होता, दिवाळी अंक वाचनालयात दाखल झालेले होते, मुलांच्या सुट्या संपत आल्या होत्या. पाडवा लवकर येतो त्या वर्षी दिवाळी अंकांचे प्रदर्शन ग्रंथालय सप्ताहात भरवता येते. अधिक महिन्याच्या वर्षी ते शक्य होत नाही, तेव्हा ते डिसेंबरात न्यावे हे उत्तम.

वाचन प्रेरणा दिनाची अडचण निराळी आहे. १५ ऑक्टोबरच्या सुमारास शाळांत प्रथम सत्राच्या परीक्षा असतात किंवा दिवाळीच्या सुटीचे वेध लागलेले असतात. परिणामी अनेक शाळांत मुलांच्या हाती पुस्तके देऊन पटांगणात बसवले जाते, छायाचित्र निघते आणि पुस्तके परत कपाटात जातात. त्या दिवशी दिलेले पुस्तक सुटीभर मुलाकडे राहू दिले, तर प्रेरणेचा काही अंश तरी घरी पोहोचेल. पुस्तके फाटतील, चार हरवतील. शाळेच्या दप्तरी तेवढी नोंद करण्याची तयारी हवी.

साहित्य संमेलनाचा विचार या संदर्भात वेगळा करायला हवा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकने अनेकदा पाहिले : १९४२ मध्ये आचार्य अत्रे, २००५ मध्ये केशव मेश्राम आणि २०२१ च्या डिसेंबरात जयंत नारळीकर हे अध्यक्ष होते. २०२१ चे ९४ वे संमेलन लोकहितवादी मंडळाने आडगावला भरवले, करोनामुळे ते मार्चऐवजी डिसेंबरात झाले, आणि प्रकृतीच्या कारणाने अध्यक्षांना उपस्थित राहता आले नाही. अशा संमेलनांनी शहराचे नाव होते, ग्रंथविक्री होते. पण इंदिरानगरातील आठवीच्या मुलीला शनिवारी संध्याकाळी पुस्तक कोठे मिळेल, या प्रश्नाशी त्यांचा संबंध नसतो आणि तशी अपेक्षाही करू नये.

वसाहतीत आरंभ करायचा तर

ज्या वसाहतीत अद्याप काहीच नाही तेथे आरंभ गणेश मंडळापासून करणे सोपे जाते, कारण माणसे आणि हिशेबाची वही तेथे तयार असते. वर्गणीतून उरलेल्या रकमेत पंधरा-वीस दिवाळी अंक येतात. ते कोणाच्या घरी ठेवायचे, हा पहिला निर्णय. तळमजल्यावर राहणारे, संध्याकाळी घरी असणारे आणि स्वतः वाचणारे कुटुंब असावे. नोंदीसाठी दोन रकान्यांची वही पुरते, नाव आणि तारीख. कोजागरीच्या बैठकीत, दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला की, या योजनेची घोषणा करावी; त्या वेळी जे थांबलेले असतात तेच पुढे वाचक होतात. अंकांचा फेरा होळीपर्यंत नीट चालला तर पुढील वर्षी ग्रंथपेटीसाठी गंगापूर रोडवरील कुसुमाग्रज स्मारकात चौकशी करता येते, आणि जवळच्या मान्यताप्राप्त वाचनालयाचे सामूहिक सभासदत्वही विचारता येते. पाडव्याला पिंपळपारावर जाणाऱ्यांनी परतताना, वाचनालय उघडे असण्याच्या दिवशी पुन्हा येण्याच्या बेताने, टिळकपथावरील त्याची वेळ फलकावर पाहून ठेवावी. सणाच्या दिवशी ते बंद असते.